दाढीचा ब्रश आणि क्षारपड रान

नव्या बॅजर ब्रशची पहिली ओळख नाकाला होते. ब्रश कोमट पाण्यात बुडवला की न्हाणीघरात ओल्या जनावराचा वास सुटतो. केसांना चिकटून राहिलेल्या मेदाचा तो वास. रोज साबण लागत गेला की हळूहळू निघून जातो. दुसरी ओळख डोळ्यांना. मुठीतून वर आलेला झुबका बुडाशी मळकट पांढरा, मध्ये काळा आणि टोकाला पुन्हा पांढरा. तिसरी ओळख गालाला, आणि खरे पैसे मोजले जातात ते तिच्यासाठी. टोकं रेशमी लागतात, पण ब्रश जरा दाबला की आतला ताठ कणा जाणवतो.

इस्लामपुरातल्या कटलरीच्या दुकानात दाढीचा ब्रश मागितला तर नायलॉनचा पुढे येतो, फार तर डुकराच्या राठ केसांचा. बॅजरचा ब्रश कुरियरने मागवायचा आणि हजार-दीड हजार तरी मोजायचे. एवढे पैसे कशाचे, याचं विकणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: बॅजरचा केस पाणी पितो. हे उत्तर अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं समजून घ्यायला इस्लामपूरइतकी सोयीची जागा नाही, कारण त्याच भौतिकशास्त्राने कृष्णाकाठची चांगली काळी रानं पांढरी पाडली आहेत.

केस किती पाणी पितो?

बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळं खणून राहणारा प्राणी. ब्रशसाठी लागणारे त्याचे बहुतेक केस चीनमधून येतात. आपल्याकडचं चांदी अस्वल, म्हणजे रॅटल, हे त्याचं भाऊबंद. पण त्याचे केस ब्रशला वापरत नाहीत.

केस कुणाचाही असो, तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. माणसाचा केस पुरता भिजला की स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी शोषतो. त्याची जाडी १४-१५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्क्यांनी. इतर सस्तन प्राण्यांचे केसही याच माळेतले. आता हिशेब करू. ब्रशमधले केस समजा १५ ग्रॅम भरले, तर त्यांच्या पोटात मुरणारं पाणी पाच ग्रॅमच्या आतच राहणार. कोरडा ब्रश स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, मग भिजवून न झटकता ठेवा. वजनातला फरक पाच ग्रॅमच्या बराच पुढे जातो. ते जादा पाणी केसांत मुरलेलं नसतं; दोन केसांमधल्या फटींत अडकलेलं असतं.

फटीतलं पाणी

अरुंद नळीत पाणी आपोआप वर चढतं. नळी जितकी बारीक, तितकं ते उंच जातं. शाळेत आपण याला केशाकर्षण म्हणून शिकलो. एक दशांश मिलिमीटर त्रिज्येच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर चढतं. ब्रशच्या झुबक्याची उंची पाच सेंटिमीटरच्या आसपास आणि त्यातल्या फटीही अशाच बारीक. म्हणून ब्रश उभा धरला तरी वरचं पाणी खाली गळून जात नाही. जोरात झटकलं तरच ते सुटतं.

यामागचं बळ कोणतं, ते एका ग्लासात दिसतं. ब्रश पाण्यात पूर्ण बुडवा. केस फुलून एकमेकांपासून सुटे होतात. बाहेर काढा, लगेच ते बिलगतात आणि झुबक्याला टोक येतं. केस नुसते ओले झाल्यामुळे चिकटत असते, तर पाण्याखाली सर्वांत जास्त चिकटायला हवे होते. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. बॉईज यांनी साबणाच्या बुडबुड्यांवर १८९० मध्ये जे पुस्तक काढलं, त्याची सुरुवातच या प्रयोगाने होते. केसांना जवळ ओढतो तो पृष्ठताण, आणि तो असतो पाणी आणि हवा यांच्या सीमेवर. पाण्याखाली ही सीमाच नसल्याने ओढायला कुणी उरत नाही. २००४ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात ओल्या केसांचं हेच गणित मांडलं. पृष्ठताण केसांना एकत्र ओढतो, केसाची लवचीकता त्याला विरोध करते, आणि या ओढाताणीत पुंजका किती मोठा होणार ते ठरतं.

साबण आला की चित्र पालटतं. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबण विरघळला की तो निम्म्याच्याही खाली येतो. फटींची पाण्यावरची पकड ढिली होते आणि ब्रशमधलं पाणी थोडं थोडं फेसात उतरू लागतं. चांगला ब्रश पाणी धरतो हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो ते वेळेवर सोडतो हेही.

तेच पाणी रानात

कृष्णा आणि वारणेच्या काठची काळी जमीन चिकणमातीची. तिच्या कणांमधल्या फटी ब्रशमधल्या फटींपेक्षा कितीतरी अरुंद, त्यामुळे पाणी तिथे मीटर-दीड मीटरही वर चढू शकतं. उसाला वर्षानुवर्षं पाट भरभरून पाणी पाजलं, निचऱ्याची सोय झाली नाही, आणि जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. ते पाणी विरघळलेले क्षार घेऊन फटींतून वर चढतं. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. हे हंगामामागून हंगाम चाललं की रानावर पांढरी साय धरते, उगवण विरळ होते आणि शेतकरी म्हणतो, रान क्षारपड झालं.

यावरचा उपायही फटींचं गणित ओळखूनच केलेला आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाईप घालून पाण्याची पातळी इतकी खाली न्यायची, की केशाकर्षणाने चढणारं पाणी वरच्या थरापर्यंत पोहोचणारच नाही. मग साचलेले क्षार पावसाच्या आणि पाटाच्या गोड्या पाण्याने खाली धुऊन पाईपवाटे बाहेर काढायचे. भूमिगत निचरा म्हणतात तो हाच. ब्रशमध्ये जी पकड आपण पैसे मोजून विकत घेतो, ती रानातून घालवायला शेतकऱ्याला पैसे मोजावे लागतात.

टोक मऊ, कणा ताठ

गालाला जाणवणाऱ्या मऊपणाचं कारण केसाच्या आकारात आहे. गोल काडी किती ताठ, हे तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं. जाडी निम्मी झाली की ताठपणा सोळाव्या हिश्श्यावर येतो. बॅजरचा राठ केस काळ्या पट्ट्याच्या आसपास सर्वांत जाड असतो आणि तिथून टोकाकडे निमुळता होत जातो. एकाच केसात मऊ टोक आणि ताठ कणा असे दोन्ही गुण त्यामुळेच येतात. चांगला कारागीर झुबका बांधताना टोकं कधी कापत नाही. तो टोकं हवी तशी जुळवतो आणि जास्तीची लांबी बुडाकडून छाटतो. टोक कापलेला केस म्हणजे जाड खुंट, तो टोचणारच. डुकराच्या केसाची गोष्ट वेगळी. तो वापराने टोकाशी फाटत जातो, म्हणून तो ब्रश जुना होईल तसा मऊ होतो.

दाढी भिजू द्या

सलूनमधले जुने कारागीर गालावर साबण फिरवून पुढच्या गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलत, मगच वस्तरा उचलत. त्या दोन शब्दांत दाढी भिजत असे. केसात पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात. भिजलेला केस मऊ पडतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. बिनपाण्याने हजामत किती जाचक, हे मराठी माणसाला विज्ञानाने सांगायची गरज नाही. पण ती ब्लेडलाही जाचते, हे अलीकडे नेमकेपणाने कळलं. ब्लेडचं पोलाद केसापेक्षा सुमारे ५० पट कठीण, तरीही केस त्याची धार घालवतो. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेच्या जियानलुका रोशिओली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये ‘सायन्स’मध्ये याचं कारण मांडलं. रोशिओली यांनी स्वतःची दाढी करून ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. धार नुसती झिजलेली नव्हती, तिचे बारीक टवके उडाले होते. केस वाकून तिरका लागतो आणि पोलादाची घडण जिथे एकसारखी नसते नेमका तिथे त्याचा ताण येतो, तेव्हा टवका उडतो.

मग फेस कशाला, नुसतं पाणी का नाही? कारण पाणी गालावर थांबत नाही. फेसात बहुतांश हवा असते, पण त्या हवेभोवतीच्या पातळ पापुद्र्यांत पाणी अडकून राहतं आणि केसाला ओल देत राहतं. बुडबुडे मोठे असले की त्यांच्यामधलं पाणी लवकर ओघळतं आणि फेस बसतो. ब्रशची हजारो टोकं मोठे बुडबुडे फोडून त्यांचे बारीक करतात, म्हणून घोटलेला फेस दाट होतो आणि टिकतो.

बोअरच्या पाण्याचा हिशेब

इस्लामपूर परिसरात अनेक घरांत नळाच्या जोडीला बोअरचं पाणी असतं, आणि ते बहुधा जड. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरा साका तयार करतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा पाण्याचा कठीणपणा ५०० आहे. असं एक लिटर पाणी सुमारे तीन ग्रॅम साबण गिळून टाकतं. कपड्यांच्या बादलीत हा मोठा तोटा. ब्रशमध्ये मात्र पाणी असतं २० मिलिलिटर, म्हणजे वाया जाणारा साबण फक्त ६० मिलिग्रॅम, ज्वारीच्या दोन दाण्यांच्या वजनाइतका.

तरीही बोअरच्या पाण्यात फेस धरत नाही, कारण खरी खोडी साक्याच्या कणांची असते. हे पाण्यापासून अंग चोरणारे कण बुडबुड्याच्या पापुद्र्यात शिरले की तो फुटतो. वरून तेच कण केसांच्या बुडाशी बसून फटी बुजवतात. महिना-दोन महिन्यांनी ब्रश राठ वाटू लागला, तर केस झडल्याची शंका घेण्याआधी त्याला लिंबू पिळलेल्या कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावं आणि मग शॅम्पूने धुवावं. आम्लामुळे साक्यातलं कॅल्शियम सुटतं, उरलेला मेणचट भाग शॅम्पू काढतो.

बॅजरच हवा का?

केसांच्या ब्रशला एक काळा इतिहासही आहे. पहिल्या महायुद्धात केसांचा नेहमीचा पुरवठा विस्कटला आणि नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे, अनेकदा बॅजरसारखे दिसतील असे रंगवलेले ब्रश बाजारात आले. १९१५ ते १९२४ या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिक आणि नागरिक मिळून दोनशेहून अधिक जणांना अशा ब्रशांतून अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. आज केस निर्जंतुक करून येतात, ती भीती फारशी उरलेली नाही.

प्रश्न उरतो तो जनावराचा. हे केस मेंढीच्या लोकरीप्रमाणे कातरून मिळत नाहीत. बॅजर मारला जातो तेव्हाच मिळतात. ब्रिटनने १९९२ च्या कायद्याने आपल्याकडचे बॅजर वाचवले, ब्रशचा धंदा चीनमधल्या केसांवर चालू राहिला. आपल्याकडे हीच वेळ मुंगसावर आली. मुंगूस मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तरी चित्रकारांच्या ब्रशसाठी ती मारली जात राहिली. अखेर २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत छापे घातले.

गंमत अशी की बॅजरची गरजच नाही, हे ब्रशचं विज्ञानच सांगतं. पीबीटी नावाच्या प्लास्टिकचे तंतू पाणी जवळपास शोषतच नाहीत. त्यांची टोकं कॉस्टिक सोड्यात झिजवून निमुळती करता येतात. अशा तंतूंचा ब्रशही भरपूर पाणी धरतो, गालाला मऊ लागतो आणि वर लवकर वाळतो. केस पाणी पितो म्हणून ब्रश चांगला, हे खरं असतं तर हा ब्रश कोरडाठाक निघायला हवा होता.

तेव्हा नवा ब्रश घ्यायचा तर निमुळत्या टोकांचा कृत्रिम घ्यावा. वाचलेल्या पैशातला एक रुपयाही न खर्चता पुढची सुधारणा घरातच होते. घरी पाण्याचा आरओ फिल्टर असेल तर दाढीपुरतं अर्धी वाटी पाणी त्यातून घ्या; साध्या फिल्टरने जडपणा जात नाही. २० मिलिलिटर ब्रशला, थोडं फेस घोटायला, उरलेलं पातळ करायला. चेहरा बोअरच्या पाण्याने धुतला तरी चालेल. फेस मात्र गोड्या पाण्याचा असू द्या आणि ब्लेड उचलण्याआधी दाढीला तीन मिनिटं द्या.