इशाऱ्याची भाषा : नेमकेपणा आणि भय

संकेतस्थळ उघडताना ब्राउझरकडून मिळणारा सुरक्षाविषयक इशारा दोन-तीन वाक्यांचाच असतो. परंतु बँकेचा सांकेतिक शब्द परक्याच्या हाती जाणे वा न जाणे त्यावर अवलंबून असू शकते. अशा लघुसंहितेची भाषा यथार्थ असावी आणि तरीही तिने वाचकास भयभीत करू नये, या दुहेरी अपेक्षेतून उद्भवणारे प्रश्न शैलीविचाराच्या व अनुवादविचाराच्या कक्षेत येतात.

प्रथम इशाऱ्यामागील वस्तुस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. ब्राउझर संकेतस्थळाचे प्रमाणपत्र तपासतो. त्याची मुदत संपली असेल, त्यावरील नाव पत्त्याशी जुळत नसेल किंवा ते देणारी संस्था ब्राउझरला मान्य नसेल, तर तो वाचकास थांबवितो. समोरच्याची ओळख पटलेली नाही, एवढेच त्याला ठाऊक असते. याचे कारण कोणी भामटा असू शकतो. तसेच वाचकाच्या संगणकाचे चुकलेले घड्याळही असू शकते. क्रोमच्या इशाऱ्यात मात्र कनेक्शन खासगी नसल्याचे निश्चयार्थी विधान शीर्षस्थानी येते आणि हल्लेखोर माहिती चोरू पाहत असतील, हे शक्यतार्थी विधान त्याखाली येते. घाईत वाचणाऱ्याच्या मनात 'हल्लेखोर' राहतो आणि क्रियापदातील शक्यता निसटते.

भय वारंवार निष्कारण ठरले की ते बोथट होते. 'लांडगा आला रे आला' ही कथा महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये याच विषयावरील आपल्या निबंधाच्या शीर्षकात तिचाच आधार घेतला होता. पुढे २०१५ मध्ये गूगलच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह सोपे शब्द, संक्षेप व धोक्याचा स्पष्ट निर्देश या तत्त्वांवर इशाऱ्याची पुनर्रचना केली. तो वाचकांना नीट समजावा हा हेतू सफल झाला नाही, हे त्यांनीच नमूद केले. परंतु रंग व बटणांच्या मांडणीमुळे सुरक्षित पर्याय निवडणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले. उक्तीतून घडणारी कृती आणि उक्तीमुळे होणारा परिणाम हा जे. एल. ऑस्टिन यांनी केलेला भेद येथे उपयोगी पडतो. परिणाम साधला, बोध झाला नाही. बोधाविना आलेले आज्ञापालन पुरेसे मानावे काय, हा प्रश्न त्यातून शिल्लक राहतो.

आश्वासक चिन्हांचीही हीच गत आहे. पत्त्याशेजारील कुलपाचा वाच्यार्थ एवढाच, की मार्गात मजकूर कोणी वाचू शकत नाही. वाचकांनी त्यातून संकेतस्थळाच्या प्रामाणिकपणाचा व्यंग्यार्थ काढला. गूगलच्या २०२१ मधील पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ केवळ ११ टक्के सहभागींना सांगता आला. २०२३ मध्ये क्रोमने ते चिन्ह बदलले. उलटपक्षी, जुलै २०१८ पासून क्रोम सांकेतिकीकरण नसलेल्या सर्व पृष्ठांना 'असुरक्षित' म्हणू लागला. हे विशेषण मार्गाविषयी आहे. वाचक ते संकेतस्थळाच्या चारित्र्याविषयी समजू शकतो.

भारतीय भाषांत ही गुंतागुंत वाढते. मराठीतील 'धोका' म्हणजे संकट. हिंदीतील 'धोखा' म्हणजे फसवणूक. मराठीतील 'इशारा' सावध करतो. हिंदीतील 'इशारा' खूण वा संकेत असतो. मराठीतच 'सूचना', 'इशारा' आणि 'ताकीद' यांचा जोर चढता आहे. 'ताकीद' तर वाचकालाच अपराधी ठरविते. म्हणून एका भारतीय भाषेतील मसुदा शब्दसाम्याच्या भरवशावर दुसरीत नेणे योग्य नव्हे.

यथार्थ इशाऱ्याने तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : ज्ञात काय, शक्य काय आणि करावे काय. उदाहरणार्थ : 'या संकेतस्थळाची ओळख पटलेली नाही. येथे दिलेली माहिती दुसऱ्याच कोणाच्या हाती जाऊ शकते. सांकेतिक शब्द वा कार्डाचा क्रमांक देऊ नये. आपल्या संगणकावरील तारीख व वेळ तपासून पाहावी.' येथे हल्लेखोराचा उल्लेख नाही, तरीही धोका लपविलेला नाही. पहिले वाक्य निश्चयार्थी आहे, कारण तेवढेच निश्चित आहे. दुसरे शक्यतार्थी आहे. उरलेली दोन विध्यर्थी आहेत. क्रियापदाचे अर्थ असे ज्ञानाच्या मर्यादेशी जुळले, म्हणजे वाचकाला घाबरवून थांबविण्याऐवजी निर्णयासाठी आवश्यक तेवढी माहिती त्याच्या हाती देता येते.