आकस्मिक चिकित्सेच्या शिक्षणात रुग्णाची बोली

वैद्यकाच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यास आकस्मिक चिकित्सा शिकविताना श्वासमार्ग, श्वसन व रक्ताभिसरण हा तपासणीचा क्रम प्रथम सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच काही मिनिटांत रुग्णाचे किंवा नातलगाचे एखादे वाक्यही उपचाराची दिशा ठरवीत असते. २०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात स्थानिक भाषेचा समावेश आहे. तथापि तो प्रारंभीच्या पायाभूत वर्गात. तिची खरी कसोटी लागते ती अपघात-विभागात.

रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात डोलवी हे गाव आहे. मुंबई-गोवा महामार्ग, पोलादाचा कारखाना आणि आगरी वस्तीची गावे ह्या परिसरात एकत्र आली आहेत. आगरी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ व ‘ण’चा ‘न’ होतो. म्हणून ‘छातीत कल येते’ हे शब्द ऐकून ‘कळ’ ओळखता आली पाहिजे.

उच्चारापेक्षा अर्थाची अडचण मोठी आहे. ‘अंगावरून वारे गेले’ म्हणजे पक्षाघात; ‘अंगावरून फार जाते’ म्हणजे स्त्रीचा रक्तस्राव किंवा अन्य स्राव. रचना जवळजवळ एकच, पण कर्ता बदलताच रोग बदलतो. ‘जीव घाबरतो’ ह्यात भय असेलच असे नाही. ते हृदयविकाराचेही लक्षण असू शकते. केवळ शब्दार्थ घेणारा विद्यार्थी त्यास मनाची भीती समजून मोकळा होईल.

प्रश्नाची रचनाही तितकीच महत्त्वाची आहे. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली असता ती विरघळविण्याचे औषध सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ‘त्रास केव्हा सुरू झाला?’ ह्यास ‘सकाळी उठल्यावर’ असे उत्तर मिळाले, तर ती वेळ त्रास लक्षात आल्याची होय, सुरुवातीची नव्हे. ‘शेवटचे धडधाकट केव्हा पाहिले?’ असे विचारले, तरच गणनेस आधार मिळतो.

लक्षणांकडे असे बारकाईने पाहण्याचे मोल ह्याच जिल्ह्यात सिद्ध झाले आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचे निरीक्षण केले. वांत्या, दरदरून घाम व गार पडलेले हातपाय ही हृदयावरील संकटाची पूर्वचिन्हे होत, हे त्यांनी १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडले, १९८६ मध्ये तेथेच प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखविला. ‘घाम फुटला, हातपाय गार पडले’ हे घरच्या माणसांचे साधे वाक्य असा इशारा ठरू शकते.

म्हणून अपघात-विभागातील शिक्षणात अशा वाक्प्रयोगांचा अर्थासह अभ्यास व्हावा, आणि त्याचे संकलन भाषाशास्त्र व वैद्यक ह्या दोन्ही विभागांनी मिळून करावे. वैद्याच्या हाती उपकरण येण्यापूर्वी रुग्णाचा शब्द येतो. तो चुकीचा ऐकला, तर पुढील कौशल्य चुकीच्या दिशेने धावते.