थंडीत लेकराचे अंग दुखते तेव्हा

चंद्रपूर म्हटले की बाहेरच्या लोकांना उन्हाळाच आठवतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, म्हणून आपली घरेदारे, आपली सवय आणि आपली तयारी सगळी उन्हाची असते. थंडीची तयारी मात्र आपण फारशी करत नाही. टिनाचे छप्पर रात्री गार पडते, फटींतून वारा येतो. डिसेंबर-जानेवारीत काही रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. गडचिरोलीकडे जंगलाच्या कडेला आणि नदी-तलावाच्या काठी असलेल्या गावांत सकाळी उशिरापर्यंत धुके असते. त्यातून पोरे पातळ गणवेशात शाळेला निघतात.

याच दिवसांत अनेक घरांत एक तक्रार ऐकू येते, "आई, हातपाय दुखतात, आज शाळेत जात नाही." त्यावर बहुतेक वेळा उत्तर मिळते, "उठ, नाटक करू नको." कधी ते नाटक असेलही. पण आपल्या भागात आणि आपल्या समाजात ही तक्रार उडवून लावण्याआधी लेकराचे रक्त एकदा तपासून घेतले पाहिजे, असे आमचे सांगणे आहे. कारण या दुखण्यामागे सिकलसेल असू शकतो, आणि थंडी ही त्या आजाराची मोठी वैरीण आहे.

थंडीने दुखणे का वाढते?

निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. बारीक रक्तवाहिनीतूनही त्या सहज निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी शरीरात प्राणवायू किंवा पाणी कमी पडले की वाकड्या होतात, त्यांचा आकार विळ्यासारखा होतो. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून हे नाव पडले. या वाकड्या, कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकल्या तिथे रक्त पोहोचत नाही आणि जीवघेणी कळ सुरू होते. लहान मुलांत ती हात, पाय, सांधे, पाठ, छाती किंवा पोटात येते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच मरते. म्हणून या लेकरांचे रक्त कायम कमी असते, डोळे पिवळसर दिसतात आणि ती लवकर थकतात.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. वाट आधीच अरुंद, त्यात ती आणखी अरुंद होते. शिवाय हिवाळ्यात तहान लागत नाही म्हणून मुले पाणी कमी पितात आणि रक्त दाट होते. सर्दी, खोकला, तापही याच दिवसांत येतो. हे तिन्ही एकत्र आले की दुखण्याचा झटका येतो.

हा आजार आपल्याकडे का आहे?

हा आजार स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा एका बाकावर बसल्याने होत नाही. तो आईवडिलांकडून रक्तातून येतो. आई आणि वडील दोघेही वाहक (एएस) असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण (एसएस) असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो, म्हणून तपासल्याशिवाय त्याला स्वतःलाही कळत नाही.

जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरियाने माणसे मेली, तिथे हा आजार जास्त आढळतो. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, त्यामुळे असे लोक जगले आणि त्यांच्या मुलाबाळांत हा गुण उतरत गेला. म्हणूनच तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे आणि आपल्या जंगलपट्ट्यातही आहे. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या आजाराचे पहिले वैद्यकीय वर्णन केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदवला गेला. विदर्भात बौद्ध, गोंड, माडिया, परधान अशा अनेक समाजांत तो आहे.

यात कोणाच्या पूर्वजन्मीचे पाप नाही, कोणाची करणी नाही आणि घरात आलेल्या सुनेचा दोषही नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चांद्यात हजारो लोकांना धम्मदीक्षा दिली. कारण शोधा आणि मग उपाय करा, हीच त्या धम्माची शिकवण. मग आपल्या वस्तीत अंगारा, उतारा, डाग देणे आणि दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावणे का चालावे? बिब्ब्याने कातडी भाजते, आतल्या अडकलेल्या रक्ताचे काहीच होत नाही.

आधी तपासणी

प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात बोटातून रक्ताचा थेंब घेऊन सोल्युबिलिटी चाचणी करतात. निकाल थोड्याच वेळात मिळतो. पण ही चाचणी रक्तात सिकलचा अंश आहे की नाही एवढेच सांगते. लेकरू वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीतून कळते. "पॉझिटिव्ह निघाले" एवढे ऐकून घरी परतू नका. दुसरी चाचणी करून घ्या, कार्ड मागून घ्या आणि जपून ठेवा.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार आटोक्यात आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. तेव्हा तपासणी मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. आशाताईंना विचारा. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्या दिवशी लेकरू गैरहजर राहू देऊ नका आणि सिकलसेलबद्दल पथकाला स्वतःहून सांगा.

घरात काय करावे?

पाणी: सिकलसेलच्या मुलाला दिवसभर थोडे थोडे पाणी द्या. थंड नको असेल तर कोमट द्या, वरण-भाताचे पाणी, ताक किंवा पातळ पेज द्या. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. या मुलांना लघवी जास्त होते आणि अनेकांना मोठेपणीही रात्री अंथरुणात लघवी होते. हिवाळ्यात गोधडी वाळत नाही, म्हणून आई संध्याकाळपासून पाणी बंद करते. तिचा त्रास खरा आहे, पण पाणी बंद केल्याने झटका येऊ शकतो. त्यापेक्षा अंथरुणावर प्लास्टिक घालून वर जुने लुगडे टाका, रात्री एकदा उठवून लघवीला न्या. लेकराला मारू नका, चारचौघांत लाजवू नका. हा आळस नाही, आजाराचाच भाग आहे.

आंघोळ: सकाळच्या गारठ्यात साठवलेल्या थंड पाण्याने आंघोळ घालू नका. टाक्यातले पाणी रात्रभरात बर्फासारखे होते. बोरिंगचे ताजे पाणी त्या मानाने कोमट असते, तरी ते तापवूनच घ्या. आंघोळ दुपारी ऊन असताना घातली तरी चालते. अंग लगेच कोरडे करून कपडे घाला.

कपडे: एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक दोन-तीन कपडे जास्त ऊब देतात. कान, छाती आणि पाय झाकलेले असावेत. मोजे दवाने ओले झाले तर बदलावेत.

औषध: डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर ते रोज द्या. दुखणे नसते तेव्हाही ते बंद करू नका. हे औषध झटके कमी करते. फॉलिक ॲसिडची गोळीही सांगितल्याप्रमाणे द्या. मात्र शाळेत मिळणारी लोहाची गुलाबी गोळी सिकलसेलच्या रुग्ण मुलाला द्यावी की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाकी मुलांसाठी ती चांगलीच आहे.

दुखायला लागले तर: ऊब द्या, कोमट पाण्याची पिशवी लावा, पाणी पाजा आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात पॅरासिटामॉल द्या. दुखऱ्या जागी बर्फ किंवा गार पट्टी कधीही लावू नका.

जेवणाला महागड्या टॉनिकची गरज नाही. वरण-भात, पालेभाजी, अंडे, मासळी, जवसाची चटणी आणि या दिवसांत मिळणारे पेरू, बोरे, आवळे हे सर्व मुलांसाठी उत्तम आहे.

शाळेत काय सांगावे?

कार्डाची झेरॉक्स घेऊन शाळेत जा आणि वर्गशिक्षकांना भेटा. चार गोष्टी स्पष्ट सांगा: मुलाला वर्गात पाण्याची बाटली ठेवू द्या, लघवीला मागितली की जाऊ द्या, गारठ्यात बाहेर उभे करू नका, आणि दुखते म्हटले तर आम्हाला फोन करा. मुलाला खेळू द्यावे, पण दमल्यावर थांबू द्यावे. २६ जानेवारीच्या कवायतीचा सराव पहाटे होतो, तेव्हा स्वेटर काढायला लावू नये. लेकरू आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात असेल तर गरम पाणी आणि दोन ब्लँकेट यांची विचारणा प्रवेशाच्या वेळीच करा.

राज्य शासनाच्या ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयानुसार पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे आहेत. तुमच्या मुलाची शाळा त्याआधी भरत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा. त्या समितीत पालकच बहुसंख्य असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत सिकलसेलचाही समावेश आहे. म्हणून मुलासाठी सवलत मागताना संकोच करू नका.

शेकोटी आणि सिगडी

ऊब हवी, पण धूर नको. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, राजुरा या कोळसा पट्ट्यात अनेक घरांत कोळशाची सिगडी पेटते. ती रात्री खोलीत ठेवून दार-खिडक्या लावून झोपणे म्हणजे मृत्यूला घरात घेणे. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वासही नाही. झोपलेला माणूस झोपेतच जातो. हा धोका सिकलसेल असो वा नसो, घरातल्या प्रत्येकाला आहे. झोपण्यापूर्वी सिगडी बाहेर काढा. निखारे विझत आले तरी वायू निघतच असतो. शेकोटीत प्लास्टिक आणि टायर जाळू नका, आणि लहान मुलांना तिथे एकटे सोडू नका.

घरात पाच वर्षांखालील भावंड असेल तर

थंडीत न्यूमोनियाचे भय असते. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचा श्वास मोजा. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा. गावातल्या साध्या माणसाला हे जमते, हे गडचिरोलीनेच जगाला दाखवले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावपातळीवर प्रशिक्षित लोकांकडून न्यूमोनिया ओळखून उपचार केले आणि बालमृत्यू घटले. तो अभ्यास १९९० मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

चैत्यभूमीला जाताना

६ डिसेंबरला आपल्याकडून हजारो कुटुंबे मुलाबाळांसह दादरला जातात. रेल्वेच्या डब्यात दाराजवळ रात्रभर वारा लागतो, उघड्यावर झोपावे लागते, आणि शौचालय मिळत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत. सिकलसेलच्या लेकराला हे तिन्ही सोसत नाही. त्याला न्यायचेच असेल तर ब्लँकेट, पाणी, गोळ्या आणि कार्ड जवळ ठेवा, झोपायला आतली जागा द्या. ताप किंवा दुखणे असेल तर त्या वर्षी विहारातच अभिवादन करावे. १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातानाही हेच पाळा.

थांबू नका, दवाखाना गाठा

सिकलसेलच्या मुलाला पुढीलपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

• १०१ अंशांच्या वर ताप
• छातीत दुखणे, धाप लागणे
• घरच्या उपायाने न थांबणारी कळ
• अचानक पांढरे पडणे, डाव्या बाजूला पोट फुगणे
• तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलता न येणे, फिट येणे
• मुलाच्या लघवीच्या जागी बराच वेळ ताठरपणा व वेदना

दवाखान्यात पोहोचताच पहिले वाक्य हेच बोला, "लेकराला सिकलसेल आहे." आणि कार्ड पुढे करा.

वस्तीने काय करावे?

या महिन्यात एका रविवारी विहारात वंदनेनंतर आशाताईंना बोलवा आणि पहिली ते पाचवीच्या सर्व मुलांची यादी करा. कोणाची तपासणी झाली, कोणाची राहिली, हे वहीत लिहा. राहिलेल्यांना एकाच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. ज्यांच्याकडे लहान झालेले स्वेटर आहेत त्यांनी ते धुऊन विहारात आणून द्यावेत. ज्या घरात एक मूल रुग्ण आहे, तिथे पुढच्या गरोदरपणात पहिल्या तीन महिन्यांतच डॉक्टरांना भेटावे. आणि लग्न जमवताना मुलीचेच नव्हे, मुलाचेही रक्त तपासावे.

सिकलसेल असलेले लेकरू शिकू शकते, नोकरी करू शकते, संसार करू शकते. त्याला या थंडीत ऊब, पाणी आणि वेळेवर औषध हवे आहे. आणि ते "दुखते" म्हणाले की त्याच्यावर विश्वास ठेवणारे घर हवे आहे.

जयभीम.