मागे बसणाऱ्या बाईने गाडी कशी पाहावी

गेल्या वेळी आपण शिलाई मशीनला तेल कुठे आणि किती घालायचे ते बोललो. ते ऐकून दवनीवाड्याच्या एका ताईने निरोप पाठवला, "मशीनचं सांगितलं, आता दारातल्या पल्सरचं सांगा. हप्ता मी भरते, बिघडली की पैसे मीच देते, अन् तिच्यातलं मला काही म्हणजे काही कळत नाही." ताईचे बोलणे आम्हाला लागले, कारण आमच्याही घरी तेच आहे. म्हणून आजचा विषय पोरांच्या आवडीची स्पोर्ट्स मोटारसायकल आणि तिची घरच्या घरी करायची देखभाल.

आधी एक गोष्ट सांगतो. ही गाडी म्हणजे पुरुषांचे काम, असे मनात असेल तर काढून टाका. पल्सर १५० आणि १८० या गाड्या २००१ साली बाजारात आल्या, त्या आपल्याच महाराष्ट्रातल्या बजाज कंपनीच्या. त्याच कंपनीची डॉमिनार ४०० ही मोठी गाडी २०१६ च्या डिसेंबरात आली, तेव्हा पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात तिची जोडणी महिलांच्या लाईनवर होत होती. इंजिन बसवण्यापासून बोल्ट आवळण्यापर्यंत सगळे बायांनी केले. जोडणारे हात बाईचे असतील, तर चेन ढिली आहे की नाही हे आपण नक्की पाहू शकतो.

आता आमच्या गटातला प्रसंग. मागच्या रोवणीच्या दिवसांत एक वहिनी मुलाच्या गाडीवर मागे बसून गोंदियाहून परत येत होती. पिशवी मांडीवर, पदर खांद्यावरून मागे सोडलेला. गावाच्या अलीकडे पदर मागच्या चाकात गेला. वहिनी खाली आली, मनगट मोडले, रोवणीची सगळी मजुरी बुडाली. मुलगा गाडी हळूच चालवत होता, त्याचा वेग चुकला नव्हता. पण गाडी घेतल्यावर महिन्याभरातच मित्रांनी सांगितले म्हणून त्याने मागच्या चाकाजवळची जाळी काढून ठेवली होती. "जाळी असली की गाडी म्हाताऱ्याची दिसते," असे म्हणत होते म्हणे.

त्या जाळीला साडी गार्ड म्हणतात. ती कंपनीने शोभेसाठी दिलेली नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की पकड असावी, पाय ठेवायला पायदान असावे, आणि मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचे चाक निम्म्यापेक्षा कमी झाकलेले नसावे, असे तो सांगतो. म्हणजे नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आपला पदर होता. आणि आपल्या घरात पहिल्यांदा काय निघते? साडी गार्ड. मग मागची पकड. मग आरसे. आज हे ऐकून झाल्यावर दारात जा आणि गाडीच्या डाव्या बाजूला मागच्या चाकाजवळ जाळी आहे का ते बघा. काढलेली असेल तर बहुधा घरातच कुठेतरी पडलेली असते. आमच्या वहिनीची कोठ्यात, वैरणीखाली सापडली.

आता चेनकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त खर्च आणि सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. धानाच्या दिवसांत गाडी बांधीच्या कडेने, चिखलातून जाते. चिखल वाळतो, त्यातली रेती चेनच्या कड्यांत बसते आणि कानशीसारखी घासत राहते. चेन लांब होते, चक्कीचे दात झिजून टोकदार होतात, मग अख्खा चेन सेट बदलावा लागतो. म्हणून साधारण ५०० किलोमीटरला एकदा चेन पुसून तेल द्यायचे, आणि चिखलातून आली तर त्याच संध्याकाळी.

पुसायची कशी? पल्सर १५० ला मधला स्टँड असतो. गाडी त्यावर उभी केली की मागचे चाक अधांतरी राहते. इंजिन बंद, चावी काढून आपल्या कमरेला. हे आम्ही मोठ्याने सांगतो, कारण इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून, फिरत्या चेनला कपडा लावायची पोरांना सवय असते. कपडा ओढला जातो, त्याच्यासोबत बोटे जातात. चाक हातानेच फिरवायचे. डिझेलमध्ये ओला केलेला कपडा घेऊन चेन पुसायची, जुना दात घासायचा ब्रश चालतो, तारेचा ब्रश नको. पेट्रोल नको, पेट भडकायची भीती तर आहेच, शिवाय मोठ्या गाड्यांच्या चेनमध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात, त्या खराब होतात. कोरडी झाली की नव्वद नंबरचे गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे आतल्या बाजूने, कड्यांच्या सांध्यांवर. थोडेसेच. दहा मिनिटांनी वरचे जास्तीचे पुसून टाका. गॅरेजमधले जळके ऑइल फुकट मिळते म्हणून ते घालू नका. त्यात इंजिनातली काजळी आणि धातूची पूड असते.

ड्यूक, पल्सर एनएस किंवा आरएस अशा गाड्यांना मधला स्टँड नसतो. तिथे गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून थोडी पुढे ढकलायची, जेवढी चेन समोर आली तेवढी पुसायची, परत ढकलायची. दोघी लागतात. नणंद-भावजय मिळून करा, एकीने गाडी धरायची.

चेन किती ढिली हवी? खालच्या बाजूला, दोन चक्क्यांच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बघा. अडीच-तीन सेंटीमीटर हलली तर साधारण ठीक, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत आणि बऱ्याचदा चेनजवळच्या स्टिकरवर असतो. एकाच जागी बघू नका, चाक फिरवून तीन-चार जागी बघा. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबत असेल तर चेन संपत आली समजा. घट्ट करायचे काम मात्र मेकॅनिकचे. मागच्या चाकाचा नट नीट आवळला गेला नाही तर चाक तिरपे चालते. मोजायचे आपण, आवळायचे त्याने.

हवेचे पटकन सांगतो. पल्सर १५० ला पुढे २५ पौंड, मागे एकटा असेल तर २८, दोघे असतील तर ३२. दुसरी गाडी असेल तर तिचा आकडा पुस्तिकेत बघा. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. पोरगा एकट्याच्या हिशेबाने हवा भरतो आणि बाजाराच्या दिवशी आईला, गाठोड्याला घेऊन निघतो. मग टायर दबतो, वळणावर गाडी डोलते, पेट्रोलही जास्त जाते.

आता ज्याला पोरं 'ट्यूनिंग' म्हणतात त्याकडे वळू. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ठिणगी. तिन्हींचे माप कंपनीने बसवलेले असते. धूळ, वापर आणि काळ यांनी ते माप सरकते. सरकलेले माप जागेवर आणणे म्हणजे ट्यूनिंग. आमच्या मते घरात करण्यासारखे ट्यूनिंग एवढेच.

हवा आधी. आपल्याकडे धान निघाले की मळणीची धूळ, गोंदियाच्या रस्त्याला राईस मिलचा कोंडा, उन्हाळ्यात कच्च्या रस्त्याची माती. हे सगळे गाडी श्वासातून ओढते आणि एअर फिल्टर ते अडवतो. फिल्टर भरला की चुलीचे धुराडे बंद झाल्यावर होते तेच होते, हवा कमी, पेट्रोल जास्त, काळा धूर. फिल्टर कागदाचा असेल तर तो धुवायचा नाही, बदलायचा. फोमचा असेल तर साबणाच्या पाण्यात हलक्या हाताने धुवून सावलीत पूर्ण वाळवायचा. काही पोट्टे आवाज वाढावा म्हणून फिल्टरच काढून टाकतात. मग धूळ थेट इंजिनात जाते, आतली गुळगुळीत भिंत खरवडते, आणि वर्षभरात निळा धूर सुरू होतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. थंडीच्या सकाळी गाडी सुरू करताना थोडा पांढरा धूर दिसला तर घाबरू नका, ती वाफ असते.

ठिणगीचे एक गमतीचे सांगतो. बहुतेक मोटारसायकलींना एक प्लग असतो. पल्सर १५० मध्ये दोन आहेत, आणि २०१२ साली आलेल्या २०० एनएसमध्ये तीन. एका बाजूचा प्लग सहज दिसतो, दुसरा आड असतो. म्हणून कधी कधी समोरचाच बदलला जातो आणि बिल मात्र पूर्ण होते. त्यामुळे काढलेले जुने प्लग परत मागायचे, आणि मोजून घ्यायचे. प्लगचे टोक चहाच्या रंगाचे असेल तर इंजिन बरे. काजळीसारखे काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढरे फटक असेल तर कमी.

पेट्रोलचे माप जुन्या गाड्यांत कार्बोरेटर ठरवतो. इंजिन गरम झाल्यावर, हँडल सोडल्यावर मीटरचा काटा पल्सरमध्ये साधारण १४०० वर स्थिर राहायला हवा. खाली पडून गाडी बंद होत असेल तर स्लो रेसचा स्क्रू किंचित फिरवतात. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या नियमांनंतरची पल्सर १५० असेल तर कार्बोरेटर नाही, ते काम संगणक करतो. तिथे पेचकस घेऊन बसू नका, बसू देऊ नका.

इंजिन ऑइलबद्दलही एक. घरी ट्रॅक्टरचे किंवा कारचे ऑइल उरले म्हणून मोटारसायकलमध्ये ओतू नका. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. भलते ऑइल घातले की क्लच घसरतो, रेस वाढते पण गाडी पुढे जात नाही. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेले आहे का ते दुकानात वाचून घ्या. आणि चेनचे असो की इंजिनचे, तेलाचा हात डिस्क ब्रेकला लागू देऊ नका. गाडी धुतल्यावर चमक यावी म्हणून तिच्यावर ऑइलचा फडका फिरवतात, त्यात डिस्कही पुसली जाते. मग ब्रेक दाबला तरी लागत नाही.

शेवटी सायलेन्सर. कंपनीचा काढून फटाके फोडणारा बसवला की हवा-पेट्रोलचे माप बिघडते, प्लग पांढरा पडतो. आवाजाचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्यात दहा हजारांपर्यंत दंड आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट आम्हाला स्वतःलाही उशिरा कळली. कर्ज आपल्या नावाने मिळते म्हणून पुष्कळ घरी गाडीही आपल्याच नावावर असते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात कलम १९९ अ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. म्हणून आरसी बुक काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते एकदा वाचा.

निरोप पाठवणाऱ्या ताईने नंतर विचारले, पोरगा ऐकेल का? तिला आम्ही सांगितले, भांडण नको, रविवारी सकाळी चेन पुसायला त्याच्यासोबत बस. पहिल्या रविवारी तो हसला. दुसऱ्या रविवारी त्यानेच कपडा आणून दिला. आमच्या वहिनीच्या मुलाने कोठ्यातली जाळी काढून घासली, गंज निघाला, पण एक बोल्ट हरवलेला होता. तो दहा रुपयांना मिळाला. वहिनी आता पदर कमरेला खोचून बसते, आणि बसण्याआधी वाकून जाळी हलवून बघते.