प्रौढांचे अक्षरज्ञान व आपले कर्तव्य

जळगावनजीकच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मुखातील गाणी सुपुत्र सोपानदेव प्रभृतींनी टिपून घेतली, म्हणूनच त्यांच्या पश्चात १९५२ साली ती ग्रंथरूप पावली. ज्यांच्या घरी टिपून घेणारा नव्हता, अशा किती जणींचे बोल खानदेशच्या मातीस मिळाले असतील!

या कामी सरकार उदासीन राहिले, असे आम्ही म्हणणार नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन आले. २०२२ ते २०२७ या काळाकरिता नवभारत साक्षरता कार्यक्रमास १०३७.९० कोटी रुपये मंजूर झाले. पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ही योजना. मात्र तीत शिकविणारा स्वयंसेवक बिनपगारी. म्हणजे पुस्तक सरकार देईल, गुरू समाजानेच द्यावयाचा.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई सहीऐवजी अंगठा उठविते काय, हे प्रथम पाहावे. धुळे-जळगावकडे तिची बोली बहुधा अहिराणी. तिच्याच शब्दांनी आरंभ करावा, पुस्तकी मराठी मागाहून. आणि सही येताच थांबू नये. वाचनाचा सराव सुटला की अक्षरेही सुटतात.