संकेतस्थळाचा मेनू आणि मराठी वळण

सालेकसा तालुक्यातला एखादा शेतकरी धान खरेदीविषयीची सूचना पाहण्यासाठी मोबाइलवर एखादे सरकारी संकेतस्थळ उघडतो, असे समजू या. वरच्या पट्टीत सात-आठ शब्द दिसतात. त्यांतल्या एकावर बोट टेकवताच खाली एक यादी क्षणभर चमकते आणि भलतेच पान उघडते. मागे येऊन तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा तेच होते. सूचना संकेतस्थळावर असते. पण त्याच्यापुरती ती नसल्यातच जमा. मग तालुक्याच्या गावी फेरी मारणे आले आणि दिवसाची मजुरी बुडणेही आले.

शीर्षकाखाली उघडणाऱ्या या यादीस 'ड्रॉपडाऊन मेनू' म्हणतात. थोड्या जागेत पुष्कळ दुवे बसवण्याची ती सोय आहे. मात्र ही सोय दुवे झाकून ठेवूनच साधलेली असते, हे विसरून चालत नाही. जे झाकले आहे ते सहज उघडले पाहिजे, उघडलेले टिकले पाहिजे आणि टिकलेले वाचता आले पाहिजे. मेनूची रंगसफेदी त्यानंतरची.

उदाहरणासाठी गोंदिया जिल्हाच घेऊ. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे अधिकृत संकेतस्थळ मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. येथे त्या किंवा अन्य कोणत्याही संकेतस्थळाचे परीक्षण करायचे नाही. जिल्ह्यातील गावांची आणि स्थळांची नावे तेवढी उसनी घ्यायची आहेत. मेनूची खरी कसोटी लागते ती अशा नावांपाशीच.

बहुतेक आराखडे आधी इंग्रजी शब्द घालून तयार होतात आणि नंतर त्याच चौकटीत मराठी ओतले जाते. 'टुरिझम' या शब्दाच्या मापाने बेतलेल्या चौकटीत 'नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प' हे नाव कसे मावणार? रुंदी ठाम आकड्यात बांधली असेल, तर 'प्रकल्प' चौकटीबाहेर लोंबतो किंवा शेवटी तीन टिंबे येऊन नाव अर्धवट राहते. 'अर्जुनी मोरगाव' आणि 'सडक अर्जुनी' हे दोन वेगळे तालुके आहेत. त्यांतील पहिल्याचे नाव 'अर्जुनी…' एवढेच दिसले, तर परक्या माणसाने काय समजावे? म्हणून यादीला किमान रुंदी द्यावी, कमाल रुंदी मजकुराला ठरवू द्यावी आणि नाव फारच लांबले तर ते दुसऱ्या ओळीवर जाऊ द्यावे. दोन ओळींचे नाव दिसायला थोडे बोजड वाटेल, पण ते पूर्ण असेल.

दुसरी गोष्ट उंचीची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असा दुहेरी संसार असतो. (इंग्रजीतल्या बहुतेक अक्षरांना डोक्यावर काही वाहावे लागत नाही, हे त्यांचे सुख.) ओळींतील अंतर घट्ट ठेवून चौकटीबाहेरचे सारे कापण्याची सूचना दिली असेल, तर 'गोंदिया'वरचा अनुस्वार कापला जातो आणि 'अर्जुनी'चा रफार वरच्या ओळीला टेकतो. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडी अधिक ओळ-उंची ठेवली की हा प्रश्न बहुधा मिटतो. इंग्रजी शीर्षके ऐटदार दिसावीत म्हणून अक्षरांत अंतर सोडण्याची पद्धत आहे. मराठीत त्याच सूचनेने शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. सर्व अक्षरे मोठ्या लिपीत करण्याची सूचना देवनागरीला लागूच होत नाही, त्यामुळे तिच्यावर अवलंबून केलेला शीर्षक आणि उपशीर्षक यांतला फरक मराठी पानावर नाहीसा होतो. तो फरक अक्षरांच्या जाडीने किंवा रंगाने दाखवावा लागतो.

फाँटची परीक्षा घ्यायची असेल, तर 'शेतकऱ्यांसाठी' हा एकच शब्द पुरे. त्यातला अर्धा 'र' काही फाँटमध्ये नीट जुळत नाही. मग टिंब दिलेला 'र', त्याखाली हलन्त आणि शेजारी सुटा 'य' अशी विचित्र मांडणी दिसते. पानाची भाषा 'मराठी' अशी नोंदवणे हेही तितकेच गरजेचे आहे. काही फाँट त्या नोंदीवरून 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे निवडतात, आणि अंधांसाठी पान वाचून दाखवणारी प्रणाली कोणत्या भाषेचे उच्चार वापरायचे हे त्यावरूनच ठरवते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांना लागून असलेल्या, हिंदी रोज कानावर पडणाऱ्या या जिल्ह्यात तर ही नोंद टाळूच नये.

आठ तालुक्यांच्या क्रमाचेही असेच. इंग्रजी वर्णक्रमाने आमगाव पहिला येतो आणि तिरोडा शेवटचा. ती यादी केवळ भाषांतरित केली, तर मराठी वाचक 'सालेकसा'च्या खाली 'तिरोडा' पाहून गोंधळतो. मराठी क्रम असा: अर्जुनी मोरगाव, आमगाव, गोंदिया, गोरेगाव, तिरोडा, देवरी, सडक अर्जुनी, सालेकसा.

आता यादी मिटण्याविषयी. या प्रश्नाला इतिहास आहे. पानाचे रूप मजकुरापासून वेगळे ठेवणारी 'सीएसएस' ही पद्धत हॉकोन विउम ली यांनी १९९४ साली सुचवली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिची पहिली प्रमाण आवृत्ती आली. तरीही पुढे कित्येक वर्षे असे मेनू लांबलचक जावास्क्रिप्टवर चालत. नोव्हेंबर २००३ मध्ये पॅट्रिक ग्रिफिथ्स आणि डॅन वेब यांनी 'अ लिस्ट अपार्ट' या नियतकालिकात 'सकरफिश ड्रॉपडाऊन्स' ही रीत मांडली: साधी यादी, आत उपयादी आणि माऊस वर आला की उपयादी दाखवणारी सीएसएसची एक सूचना. तेव्हाचा सर्वाधिक वापरातला इंटरनेट एक्सप्लोरर ६ ही सूचना फक्त दुव्यांपुरतीच मानत असे, म्हणून त्याच्यासाठी जावास्क्रिप्टच्या काही ओळी जोडाव्या लागत. आजचे पुष्कळ मेनू त्याच कुळातले आहेत आणि 'माऊस वर आला की' ही अट त्यांनी वारशाने घेतली आहे.

ही अट काटेकोर पाळली तर काय होते? समजा, 'पर्यटन'खाली 'धबधबे', 'किल्ले', 'लेणी-गुहा' अशी यादी आहे आणि 'लेणी-गुहा'च्या उजवीकडे 'कचारगड' उघडते. माणूस माऊस सरळ उजवीकडे नेत नाही. तिरका, जवळच्या वाटेने नेतो. त्या वाटेत शेजारची ओळ लागते आणि 'कचारगड' नाहीसे होते. ॲपलमध्ये असताना ब्रूस टॉग्नाझिनी यांनी १९८०च्या दशकातच यावर उपाय योजला होता. कर्सर आणि उपयादी यांच्यामध्ये एक अदृश्य त्रिकोण कल्पायचा. कर्सर त्या त्रिकोणात आहे तोवर यादी मिटवायची नाही. २०१३ मध्ये बेन कॅमेन्स यांनी ॲमेझॉनच्या मेनूतील हीच युक्ती उलगडून दाखवली आणि आपली संगणकीय रचना सर्वांसाठी खुली केली. एवढे करणे शक्य नसेल, तर यादी मिटण्याआधी अर्ध्या सेकंदाची सवड द्यावी. शीर्षक आणि यादी यांच्यात शोभेसाठी सोडलेली फट मात्र आधी बुजवावी. कर्सर त्या फटीत पडला की सवडही अपुरी ठरते. माझ्या मते उपयादीची उपयादी काढण्याची पाळी आली, की दोष मेनूचा नसून वर्गवारीचा असतो.

मोबाइलवर माऊसच नाही. तेथे शीर्षकच दुवा असेल, तर बोट टेकताच त्या दुव्याचे पान उघडू लागते आणि यादी पाहायची राहून जाते. सुरुवातीच्या शेतकऱ्याची अडचण नेमकी ही होती. उपाय सोपा आहे: शीर्षक हे यादी उघडण्या-मिटण्याचे बटण ठेवावे आणि त्या विभागाच्या मुख्य पानाचा दुवा यादीतील पहिली ओळ म्हणून द्यावा. ओळीही बोटाला सापडतील इतक्या उंच हव्यात. २०२३ साली आलेल्या 'डब्ल्यूसीएजी २.२' या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान २४ पिक्सेलचे माप आहे. ॲपल ४४ सुचवते. नांगर धरून राठ झालेल्या बोटांसाठी ॲपलचेच माप बरे.

रंगांच्या बाबतीत तेच निकष अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात किमान साडेचारास एक असे प्रमाण मागतात. उजळ केशरी पट्टीवर पांढरी अक्षरे ठेवली, तर ते जेमतेम दोनास एक भरते. वातानुकूलित खोलीतल्या पडद्यावर ती वाचता येतील. विदर्भातल्या मे महिन्यात, धुऱ्यावर उभे राहून नाही.

राहिला तो माऊस न वापरणारा वाचक. टॅबच्या कळीने शीर्षकावर यावे, एन्टरने यादी उघडावी, एस्केपने मिटावी, आणि यादी उघडी आहे की बंद हे वाचन-प्रणालीला कळावे. येथे एक फसगत नेहमी होते. यादी केवळ पारदर्शक करून 'लपवली', तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण जागेवर असतेच. टॅबची कळ त्या अदृश्य दुव्यांमधून फिरत राहते, आणि खालच्या मजकुरावर मारलेली टिचकी त्या न दिसणाऱ्या यादीवर पडून वाचक भलत्याच पानावर पोहोचतो. पारदर्शकतेच्या जोडीला दृश्यमानताही बंद करणारी एक ओळ लिहिली, की हा प्रकार थांबतो.