गाडी जप्त झाली, म्हणजे सरकारची झाली?

मंडळी, जुन्नर-आंबेगावात बोलताना एक गोंधळ आम्हाला हमखास भेटतो. 'जप्ती' आणि 'सरकारजमा' हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात. जप्ती म्हणजे वस्तू फक्त ताब्यात घेणं, मालकी तुमचीच राहते. सरकारजमा झाली की मालकीच गेली. या दोन्हींच्या मधे काय घडतं, ते आज आपण बघू.

समजा, डिंभ्याकडून येणाऱ्या पिकअपमध्ये सरकारी जंगलातून चोरून तोडलेलं सागवान सापडलं. गाडीवर ड्रायव्हर, मालक घरी, आणि पतसंस्थेचे हप्ते चालू. मालक म्हणतो, 'केस कोर्टात उभी राहू दे, मग बघू.' फसतो तो इथंच. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये महाराष्ट्राने कलम ६१-अ घातलं आहे. त्यानुसार अधिकार दिलेला वनाधिकारीच लाकडाबरोबर गाडी आणि अवजारं सरकारजमा करू शकतो. त्यासाठी खटला दाखल झालेला असावा लागत नाही! आधी लेखी नोटीस मात्र द्यावीच लागते, आणि मालकाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं.

मग मालक काय सांगतो? 'मला माहीत नव्हतं.' एवढ्यानं भागत नाही. आपल्याला माहीत नव्हतं, ज्याच्या ताब्यात गाडी होती त्या ड्रायव्हरलाही माहीत नव्हतं, आणि दोघांनीही योग्य ती सगळी खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध करायचं असतं. आमच्या मते हे ओझं जडच आहे. लाकूड ड्रायव्हरनेच भरलं असेल, तर निर्दोष मालकाचीही गाडी जाऊ शकते. आदेश झालाच, तर तो कळल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायाधीशांकडे अपील करता येतं. हे दिवस बरेचदा 'केसची तारीख कधी?' असं विचारण्यातच निघून जातात.

आता तीच पिकअप भीमाशंकर अभयारण्यात शिकारीच्या गुन्ह्यात सापडली तर? तिथं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागतो. गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन शासनाची मालमत्ता होतं, असं त्याचं कलम ३९ म्हणतं. वाचताना हे आणखी कडक वाटतं, नाही का? पण मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की नुसत्या आरोपावर वाहन सरकारचं होत नाही. ते गुन्ह्यात वापरलं होतं, हे न्यायालयात ठरावं लागतं. तोपर्यंत गाडी तात्पुरती सोडायची की नाही, हे दंडाधिकारी ठरवू शकतात.